इंदूकाकूंचा हणमंतराव

गोष्ट सांगताना इंदूकाकूंचे हात कधी थांबत नसत. तुरीची डाळ निवडणं, शेवया वळणं, सांबार मोडणं (आर्वीकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात), जे हाताशी असेल ते चालू राही. फक्त गोष्टीत कोणी रडलं, की त्या हातातलं खाली ठेवत, पदराला बोटं पुसत आणि समोरच्या बाईकडे बघून म्हणत, "अन् मंग सांगू काय झालं?" मग रडणाऱ्याचं सगळं नीट सांगून होईपर्यंत डाळ तशीच पडून राही.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या सामानाच्या ट्रकच्या मागे उभं असताना. माझ्या नवऱ्याची बदली आर्वीला झाली होती आणि काकूंच्या घरामागच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या होत्या. मी नगरची. मे महिना होता. काकू तांब्या-पेला घेऊन आल्या, पाणी दिलं, आणि आमच्या आधीच्या भाडेकरणीचं सासूशी भांडण कसं झालं ते सांगायला लागल्या. त्या इतकं रंगवून सांगत होत्या की ट्रकचा क्लीनरसुद्धा खोक्यावर बसून ऐकत राहिला. ऊन उतरलं तरी आमचं कपाट रस्त्यावरच. मी अवघडून म्हणाले, "काकू, उरलेलं उद्या सांगा ना." तर म्हणाल्या, "गोष्ट मधात सोडू नाई, बाई. आयकनाऱ्याच्या जिवाले लागते."

त्या बोलीची मला सवय व्हायला वेळ लागला. तिकडच्या बायका स्वतःबद्दलही "मी येतो", "मी जातो" असंच म्हणतात. काकू दारात उभ्या राहून "मी येतो वो" म्हणाल्या, की मला सुरुवातीला वाटे, कोण आलं?

त्यांचे यजमान मनोहरराव, म्हणजे आमचे काका, यांचं बाजाराच्या रस्त्यावर कापडाचं दुकान होतं. माणूस सरळ, पण बोलणं मोजकं. मुलगी एकच, वर्षा. आम्ही राहायला आलो तेव्हा ती सेवाग्रामला नर्सिंग शिकत होती आणि सुट्टीत घरी आली की आईची गोष्ट आईसमोरच दुरुस्त करी. "आई, असं नव्हतं झालं." काकू म्हणत, "मंग तू सांग." वर्षा दोन वाक्यांत सांगून मोकळी होई, आणि सगळ्या म्हणत, काकूंचीच बरी होती.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी माझं बाळ पोटातच गेलं. मी भिंतीकडे तोंड करून पडून असे. माहेरचं कोणी जवळ नव्हतं. काकू रोज दुपारी येऊन माझ्या खाटेशी बसत आणि मला एक अक्षर न विचारता गोष्ट सांगत. त्यांच्या मावशीची हरवलेली गाय, बैलगाडीतून पडलेला नवरदेव. मी ऐकतेय की नाही हेही त्या बघत नसत. एक दिवस गाईचं पुढे काय झालं हे मीच विचारलं, तेव्हा त्यांनी हातातली डाळ खाली ठेवली, माझ्या कपाळावरून हात फिरवला आणि मग गाय सापडल्याचं सांगितलं.

वर्षा सेवाग्रामलाच नोकरीला लागली आणि वर्षभरात तिने लग्न केलं. मुलगा तिच्याबरोबर काम करणारा, मिलिंद. जात वेगळी. रजिस्टर लग्न करून दोघं पाया पडायला म्हणून आर्वीला आले, तेव्हा काका दुकानातून उठून घरी आले आणि फाटकात उभे राहिले. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "इथून पुढं येऊ नको." काकू आत चुलीपाशी होत्या. बाहेर येईपर्यंत फाटकात कोणी नव्हतं. आठवडाभरात वर्षाच्या खोलीत दुकानातले साड्यांचे गठ्ठे येऊन पडले.

काकूंच्या घरी फोन नव्हता, दुकानात होता. म्हणून वर्षा फोन करी तो आमच्याकडे. मी मागच्या दाराने काकूंना हाक मारी. एरवी दोन-दोन तास बोलणाऱ्या काकू रिसीव्हर कानाला लावला की मुक्या होत. "जेवली का?" "हो." "पोट्टी बरी आहे?" "हो." वर्षाला मुलगी झाली होती, श्रुती. तिला काकूंनी पाहिलं नव्हतं. फोन ठेवला की त्या माझ्याकडे बघून म्हणत, "एवढं सांगाचं रायते, अन् तोंडातून निंगतच नाई."

वर्षं अशीच गेली. मग ती मालिका आली.

सरकारी चॅनलवर दुपारी एक कोरियाची मालिका लागायची, हिंदीत बोलणारी. तेव्हा आमच्याकडे लोडशेडिंग भयंकर होतं, पण आमची ओळ सरकारी दवाखान्याच्या लाइनवर असल्यामुळे दुपारची वीज टिकायची. समोरच्या ओळीत मात्र बरोबर त्याच वेळेला अंधार. म्हणून काकू मालिका बघायच्या आणि चार वाजता समोरच्या बायका येऊन ती काकूंकडून ऐकायच्या. त्यात पुष्पाताई सगळ्यांत पुढे. तिकडची नावं काकूंच्या जिभेला वळत नसत. गोष्ट होती एका कागद करणाऱ्या म्हाताऱ्याची. त्याचं नाव हान. काकूंनी त्याचा हणमंतराव केला. त्याची मुलगी सून-ही, ती सोनी. आणि गावोगाव ढोल वाजवत फिरणारा तो दोक-सू, त्याचा झाला दत्तू.

"आपल्यासारखेच लोक हायेत वो," काकू सांगत. "खाली बसून जेवतेत, मोठ्याच्या पाया पडतेत, अंगनात लोनच्याच्या बरन्या भरून ठेवतेत. फक्त थंडी लय. हणमंतराव त्या थंडीत झाडाची सालं पान्यात भिजू घालते, कुटते, अन् त्याचा कागद करते. राजाच्या घरी जाते तो कागद. अन् सोनी गेली दत्तूसंगं. ढोल वाजवनाऱ्यासंगं! मंग सांगू काय झालं? हणमंतरावनं दार लावून घेतलं."

ओसरीवरच्या बायका काकूंच्या हातांकडे बघत होत्या. सगळ्यांना वर्षाची हकीकत माहीत होती. काकूंनी डाळ खाली ठेवली होती.

काका दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून जेवायला घरी येत. मालिकेची वेळ तीच. पहिले काही दिवस ते टीव्हीकडे पाठ करून जेवले. मग त्यांचं ताट अर्धं टीव्हीकडे वळलं. मग एक दिवस मी दही मागायला गेले तर काका चक्क टीव्हीकडे तोंड करून बसलेले, घास हातात तसाच. म्हातारा हान नदीच्या बर्फाळ पाण्यात उभा राहून सालं धूत होता. काका पुटपुटले, "त्या म्हाताऱ्याच्या संगं कोनी तं पाह्यजे होतं."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत जे होतं ते मी आजपर्यंत विसरले नाही.

लग्नसराईत दुकानाला गर्दी झाली आणि काकांना दुपारी येता आलं नाही. संध्याकाळी घरी आल्यावर चपला काढता काढता त्यांनी विचारलं, "हणमंतरावचं काय झालं आज?" काकू मागच्या दाराने माझ्याकडे धावत आल्या. धाप लागली होती. "आयकलं का? याईनं इचारलं. नाव घेऊन इचारलं, हणमंतरावचं काय झालं म्हनून!" त्या वयाच्या बाईला मी इतकं हरखलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्याच महिन्यात वर्षाचा फोन आला. तिला मस्कतच्या एका दवाखान्यात नोकरी लागली होती. मिलिंदचंही तिकडेच जमलं होतं. दिवाळीनंतर जायचं. पण त्याआधी तिला एकदा घरी येऊन जायचं होतं, आईबाबांच्या हातात श्रुतीला देऊन. "बाबांना विचारशील?" ती म्हणाली. रिसीव्हरमधून आवाज मलाही ऐकू येत होता.

काकू म्हणाल्या, "थांब थोडी. आता इचारू नको. तो सिरियल पाहून राह्यला तुहा बाप. आता हणमंतराव निंगन तिच्या गावाले. सगळे तसंच म्हनतेत. तो गेला का याईचंबी मन फिरन. मंग मी इचारतो. तूबी पाहत जाय ती."

वर्षा हसली असावी. म्हणाली, "बरं आई. बघते."

शेवटचे भाग लागले तसं काकू म्हणाल्या होत्या तसंच होऊ लागलं. हान म्हातारा आजारी पडला, बरा झाला, आणि एका सकाळी त्याने आपल्या हातचे सगळ्यांत चांगले कागद गुंडाळून पाठीला बांधले आणि मुलीच्या गावाची वाट धरली. शेवटचे दोन्ही दिवस काका वेळेआधी घरी आले. शेवटच्या भागाच्या दिवशी काकूंनी वडाभात केला. मलाही बोलावलं. "तूबी ये. चांगल्या गोष्टीले चार मानसं असावी."

आम्ही तिघं बसलो. म्हातारा बर्फातून चालत होता. बराच वेळ नुसता चालतच होता. मग ते गाव आलं, मुलीचं घर आलं. आतून एका लहान पोराच्या हसण्याचा आवाज येत होता. म्हाताऱ्याने पाठीवरची गुंडाळी सोडली. दाराकडे हात नेला. काकूंच्या ओठांवर हात होता. मी काकांकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते, खोटं सांगत नाही.

म्हाताऱ्याचा हात दारापर्यंत गेला आणि खाली आला. त्याने गुंडाळी उंबऱ्यापाशी ठेवली आणि तो परत फिरला. मुलीने दार उघडलं तेव्हा बाहेर कोणी नव्हतं. तिने गुंडाळी उचलली, इकडेतिकडे पाहिलं. बर्फ पडत होता. नावं वर सरकायला लागली.

काकू म्हणाल्या, "हे काय? पुढं?"

पडद्यावर जाहिरात लागली.

"अवो, पुढं असन ना काई! संपली? अशी कशी संपली?" त्या माझ्याकडे वळल्या. "उद्या दाखवतीन का?"

मी म्हटलं, "काकू, आज शेवटचाच होता."

काकांनी हाताने डोळे पुसले, ताट सरकवलं आणि उठले. मोरीपाशी हात धूत पाठमोरेच म्हणाले, "बरोबर केलं त्यानं. बापाची जागा सोडली नाई." आणि आतल्या खोलीत जाऊन आडवे झाले.

काकूंच्या पुढ्यातला वडाभात तसाच होता. त्या पुन्हा पुन्हा एकच बोलत होत्या. "इतके दिवस बसवून ठेवलं आमाले. इतके दिवस. अन् दारातून वापस नेला. कोनं लिवलं असन हे? त्याले पोरगी नसन." मग आवाज खाली आला. "एक टकटक केली असती तं काय गेलं असतं त्याईचं?"

चार वाजता समोरच्या बायका आल्या. काका त्या दिवशी दुकानात गेले नव्हते, आतच पडून होते. पुष्पाताईंनी बसायच्या आधीच विचारलं, "गेला का हणमंतराव? दार उघडलं का सोनीनं?"

काकूंनी सुपात डाळ घेतली नव्हती. हात मांडीवर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"हणमंतरावनं दार वाजवलं," त्या म्हणाल्या. "पयले हळू वाजवलं. कोनी आलं नाई. मंग जोरात वाजवलं. सोनी आली. पाहते तं बाप. थंडीनं काळानिळा. तिनं कायी म्हटलं नाई, आंदर घेतलं, पाय धुवाले गरम पानी देल्लं. दत्तूनं आपली घोंगडी देल्ली. पोट्टं आलं अन् मांडीवरच बसलं. हणमंतराव म्हने, माहं चुकलं, बाई. सोनी म्हने, बाबा, पयले जेवा…"

त्या सांगत राहिल्या. त्यांनी कधी इतकं लांबवून सांगितलं नव्हतं. काय काय वाढलं, मुलगी बापाला कुठे झोपवते, सकाळी उठून बाप नातवाला घेऊन नदीवर कसा जातो. बायका डोळे पुसत होत्या. पुष्पाताई म्हणाल्या, "बरं झालं बाप्पा. चांगला केला शेवट."

आतल्या खोलीच्या दारात काका उभे होते. कधीपासून ते माहीत नाही.

"खोटं काऊन सांगतं तू लोकाईले?" ते म्हणाले.

काकू वळल्या. नवऱ्यासमोर मान वर करून बोलताना मी त्यांना तेव्हाच पाहिलं.

"मंग तुमी खरं करा," त्या म्हणाल्या.

काकांनी खुंटीवरची टोपी घेतली, चपला घातल्या आणि दुकानात निघून गेले.

त्यानंतर वर्षाच्या येण्याचं काकूंनी विचारलं नाही, आणि काका बोलले नाहीत. दिवाळी आली, गेली. वर्षाचं तिकीट निघालं. एका सकाळी काकू इस्त्रीचं लुगडं नेसून माझ्याकडे आल्या. "सेवाग्रामले जातो. येतं का संगं? मले गाडी बदलता येत नाई." एकटीने त्या कधी गावाबाहेर गेल्या नव्हत्या.

"काकांना सांगितलं?"

"सांगितलं. म्हटलं, वर्षाकडं जातो, गाडी आठ वाजता हाय. तुमालेबी याचं असन तं या."

"काय म्हणाले?"

"आयकलं त्याईनं."

एसटीत आम्हाला तिघांचं बाक मिळालं. काकूंनी मला खिडकीशी बसवलं, आपण मधे बसल्या आणि तिसऱ्या जागेवर सांडग्यांची पिशवी ठेवली. गाडी भरत गेली. एका बाईने विचारलं, "इथं कोनी येऊन राह्यलं का, माय?" काकू म्हणाल्या, "येनार हायेत." कंडक्टर चढला, त्यानेही विचारलं. काकू डेपोच्या फाटकाकडे बघत होत्या. घंटी वाजली, गाडी हलली, तेव्हा त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि त्या बाईला म्हणाल्या, "बस, बाई."

वर्षाचं घर दोन खोल्यांचं, अर्धं सामान बांधलेलं. मायलेकी एकमेकींना धरून खूप वेळ उभ्या राहिल्या. मिलिंदने पाया पडायला वाकून बराच वेळ मान वर केली नाही. चार वर्षांची श्रुती आजीकडे संशयाने बघत होती. काकूंनी हरवलेल्या गाईची गोष्ट काढली आणि अर्ध्या तासात ती मांडीवर येऊन "मग?" "मग?" करायला लागली.

निघायच्या वेळी वर्षा म्हणाली, "मी बघितली ती मालिका, आई. ड्युटीवरून आले की झोपायच्या आधी बघायचे. शेवटसुद्धा बघितला."

काकू काही तरी सांगायला लागल्या होत्या. "नाटकच होतं ते, बाई," एवढंच म्हणाल्या.

परतीच्या गाडीत त्यांनी रिकामी पिशवी घडी घालून मांडीवर ठेवली. आर्वी जवळ आल्यावर म्हणाल्या, "माह्यीच चूक झाली. मी त्या कोरियावाल्यावर भरोसा ठेवला. तवाच इचारलं असतं तं कदाचित हो म्हनले असते. नाई म्हनले असते, तं मी तवाच गेली असती. पोट्टीचे एवढे दिवस तं भेटले असते मले."

मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत होतं? त्यांनी मान हलवली. समजूत पटण्यापलीकडचं होतं ते.

त्यानंतरही काकू मालिका बघत आणि चार वाजता सांगत; मस्कतहून फोन आला की श्रुतीलाही गोष्ट सांगत. पण कुठल्याही मालिकेचा शेवट जवळ आला, की त्या टीव्ही बंद करून उठत. बायका विचारत, "शेवट काय झाला?" काकू म्हणत, "तुमाले जसा पाह्यजे तसा करा. मी नाई पाह्यला."

दोन वर्षांनी, एका सकाळी, काकू अंगणात कपडे वाळत घालताना खाली बसल्या आणि उठल्या नाहीत. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. काका स्वतः माझ्या दारात आले. मागच्या दाराने ते आधी कधी आले नव्हते. म्हणाले, "तिचा नंबर असन तुमच्याकडं." मी लावून दिला. तिकडून वर्षाचा आवाज आला, "वहिनी, बोला ना, आई बरी आहे?" काकांनी रिसीव्हर घट्ट धरला होता. त्यांचे ओठ हलत होते. शेवटी त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि ते भिंतीला टेकून खाली बसले.

वर्षाला विमान मिळून पोचायला तिसरा दिवस उजाडला. अंगणात माणसं बसली होती. ती फाटकापाशी रिक्षातून उतरली, एका हातात श्रुतीचा हात, आणि तिथेच थांबली. आत पाऊल टाकावं की नाही, तिला कळेना. अंगणातली सगळी माणसं काकांकडे बघू लागली.

काका उठले. फाटकापर्यंत चालत गेले. इतक्या वर्षांत म्हातारे झाले होते, पाय घसटत होते. फाटक उघडून त्यांनी दोन्ही हातांनी वर्षाला आत घेतलं. तिच्या खांद्यावर कपाळ टेकलं आणि म्हणाले, "तुही माय गेली, वर्षे. वाट पाहून पाहून गेली."

वर्षा म्हणाली, "हो, बाबा." ती रडली नाही.

श्रुती खालून त्या म्हाताऱ्याकडे बघत होती. आजीला तिने पाहिलं होतं, फोनवर तिच्या गोष्टी ऐकल्या होत्या. हा माणूस तिला ठाऊक नव्हता. तिने आईचा हात ओढला आणि हळूच विचारलं, "आई, हे कोण आहेत?"

वर्षा म्हणाली, "आजीच्या घरचे."

काकांनी ऐकलं. त्यांनी मान हलवली, पोरीच्या डोक्यापर्यंत हात नेला, आणि तिच्याकडे बघत म्हणाले, "हो, बाई. आजीच्याच घरचा आहो मी."